घरचा हिशेब : आजारपणाची शिल्लक

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत वृद्ध आईवडीलही राहावयास येतात. साठी ओलांडलेल्या ज्या वडीलधाऱ्यांचा आरोग्यविमा नाही, त्यांच्या औषधोपचाराचा वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा २०१८ च्या अर्थसंकल्पाने दिली. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. शिवाय सवलत आहे ती झालेल्या खर्चाला. पुढील आजारपणासाठी बाजूस काढलेल्या पैशाला नाही. अमेरिकेत ठरावीक प्रकारच्या विम्यासोबत अशी करमुक्त बचतखाती २००४ पासून आहेत, व शिल्लक पुढील वर्षीही कायम राहते. तशी सोय येथेही व्हावी. तोवर प्रत्येक कुटुंबाने दरमहा थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि पावत्या जपून ठेवाव्यात.