कोलशेतची ‘नवी’ जलवाट

कोलशेतच्या जेट्टीच्या निमित्ताने ‘नवी जलवाहतूक’ हा शब्द वापरला जातो. तो इतिहासाला धरून नाही. कल्याण बंदराचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीकाठी जहाजबांधणी आरंभली. कल्याणहून वसईकडे निघालेली गलबते कोलशेतवरूनच जात.

१६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास आली, पुढील वर्षी कल्याणला, आणि मालाने हळूहळू पाण्याची वाट सोडली. (ती जेथून सुटली त्या बोरीबंदराचेही बंदर गेले, नाव तेवढे उरले.) २०१६ च्या कायद्याने हीच खाडी राष्ट्रीय जलमार्ग ५३ ठरली. जेट्टीवर उद्घाटनाच्या कोनशिलेशेजारी या जुन्या वाटेचाही एक फलक हवा.