लिंबू चोखणारा सेनापती आणि तीन डॉलर

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल 'तुम्हाला हे माहीत आहे का?' छापाच्या याद्या पूर्वी ई-मेलमधून फिरायच्या, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. माध्यम बदललं, यादी तीच! दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन लढाईत लिंबं चोखायचा. त्याचा कापलेला हात वेगळा पुरला. मॅक्लीन नावाच्या माणसाच्या शेतावर 1861 साली पहिली मोठी लढाई झाली, तो कंटाळून दूर राहायला गेला, आणि 1865 मध्ये लीने शरणागती पत्करली ती नेमकी त्याच्याच दिवाणखान्यात. ली किती सज्जन, त्याचा ट्रॅव्हलर घोडा किती देखणा वगैरे वगैरे.

यातलं बरंचसं खरंही आहे. (लिंबांचं प्रकरण फुगवलेलं आहे. जॅक्सनला सगळीच फळं आवडायची.) मग माझं पोट का दुखतंय? कारण या याद्यांचं नाव 'कमी माहीत असलेल्या गोष्टी' असतं, आणि त्यात असतात नेमक्या सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी. ज्या खरोखर कमी माहीत आहेत, त्या आपोआप विसरल्या गेलेल्या नाहीत. त्या विसरल्या जाव्यात म्हणून माणसांनी मेहनत घेतली आहे. मंडळी, आजची पोस्ट त्या मेहनतीबद्दल.

आधी एक नमुना. यादीत हमखास असतं की 'उत्तरेच्या ग्रँटकडे गुलाम होता, आणि दक्षिणेच्या लीने मात्र आपले गुलाम मुक्त केले होते'. वाचणाऱ्याला वाटतं, अरेच्चा, म्हणजे हे युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच की काय! आता तपशील बघा. ग्रँटच्या सासरी गुलाम होते आणि त्याच्या स्वतःच्या मालकीचाही एक होता, विल्यम जोन्स. त्याला ग्रँटने 1859 मध्ये, युद्धाच्या दोन वर्षं आधी, मुक्त केलं. स्वतः पैशाच्या ओढगस्तीत असताना त्याला विकला नाही. लीकडे सासऱ्याच्या इस्टेटीचा कारभार 1857 मध्ये आला. मृत्युपत्रात लिहिलं होतं की तिथल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करा. लीने मुदत वाढवून मिळावी म्हणून कोर्टाचे दरवाजे ठोठावले, ते जमलं नाही, आणि 1862 च्या अखेरीस त्यांना मुक्त केलं. त्याच लीचं सैन्य 1863 मध्ये पेनसिल्व्हेनियात शिरलं तेव्हा तिथल्या काळ्या लोकांना, अगदी मुक्त असलेल्यांनाही, पकडून दक्षिणेकडे पाठवत होतं. हे मी तरी कुठल्या यादीत वाचलेलं नाही.

हे आलं कुठून? युद्ध हरल्यावर दक्षिणेच्या काही सेनापतींनी लेखणी हातात घेतली. त्यांचा म्होरक्या जुबल अर्ली. युद्ध संपल्यावर हा मेक्सिको, कॅनडा करत फिरला, 1869 मध्ये परतला. 1870 मध्ये ली वारला, आणि 1872 पासून अर्लीने भाषणं आणि लेख यांचा सपाटा लावला. ली कधी चुकलाच नाही, दक्षिण हरली ती केवळ संख्याबळापुढे, आणि लढली ती 'राज्यांच्या हक्कांसाठी'. आता 1861 मध्ये दक्षिणेचा उपाध्यक्ष स्टीफन्स जाहीर भाषणात सांगून बसला होता की आमच्या नव्या राष्ट्राचा पायाच मुळी गोरा श्रेष्ठ आणि काळा कनिष्ठ या तत्त्वावर आहे. पण ते भाषण गैरसोयीचं, म्हणून ते यादीत नाही.

ली चुकत नसेल तर गेटिसबर्ग कोणी हरवलं? बळीचा बकरा सापडला जेम्स लाँगस्ट्रीट, लीचा उजवा हात. त्याचा खरा गुन्हा गेटिसबर्गचा नव्हताच. युद्धानंतर त्याने पराभव मान्य केला, ग्रँटच्या पक्षात गेला, आणि 1874 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर काळ्या शिपायांचा मोठा भरणा असलेल्या दलाचं नेतृत्व करत गोऱ्या सशस्त्र जमावाशी लढला. त्यात जखमी झाला, पकडलाही गेला. ही लढाई त्याने हरली, पण त्याला माफी मिळाली नाही. गेटिसबर्गच्या रणांगणावर पुतळ्यांचं पीक आहे, पण लाँगस्ट्रीटचा पुतळा तिथे उभा राहायला 1998 साल उजाडलं.

दुसरा जॉर्ज थॉमस. लीसारखाच व्हर्जिनियाचा. पण लीने राज्य निवडलं, थॉमसने घेतलेली शपथ पाळली. बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली असं सांगतात. 1863 मध्ये चिकामॉगाला सगळे पळत असताना हा पाय रोवून उभा राहिला, 1864 मध्ये नॅशव्हिलला त्याने समोरचं सैन्य जवळजवळ संपवलं. 'ली बिचारा काय करणार, त्याला आपल्या मातीविरुद्ध जाता आलं नाही' असं म्हणणाऱ्यांना थॉमस हे उत्तर आहे. म्हणूनच त्याचं नाव घेतलं जात नाही.

आणि शिपाई? या युद्धात किमान 6 लाख 20 हजार माणसं मेली असं वर्षानुवर्षं मानलं गेलं, अलीकडचे अंदाज 7 लाखांच्या आसपास किंवा वर जातात. त्यातले साधारण दोन तृतीयांश गोळीने नाही, हगवण, विषमज्वर, मलेरियाने गेले. छावणीतल्या घाणेरड्या पाण्याचं चित्र कोण काढणार? घोड्यावरचा सेनापती बरा दिसतो.

उत्तरही सोवळी नव्हती बरं का. तिच्या सैन्यात सुमारे 1 लाख 79 हजार काळे शिपाई होते. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. काळ्याला 10, आणि त्यातून कपड्यांचे 3 कापून हातात 7. मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने हा पगार घ्यायला साफ नकार दिला. राज्य सरकार म्हणालं, वरचा फरक आम्ही देतो. तोही नाकारला! पैशाचा नाही, बरोबरीचा प्रश्न आहे म्हणून. वर्षाहून अधिक काळ ती माणसं बिनपगारी लढली. दक्षिण कॅरोलायनाच्या पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर, याने आपल्या कंपनीसह कर्नलच्या तंबूसमोर बंदुका रचून ठेवल्या. सात डॉलरवर काम नाही. 1864 च्या सुरुवातीला त्याला बंडखोर ठरवून त्याच्याच बाजूने गोळ्या घातल्या. काही महिन्यांनी, त्याच वर्षी जूनमध्ये, काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला.

'जाऊ द्या हो, दीडशे वर्षं झाली' असं कोणी म्हणेल. अजिबात गेलेलं नाही. रिचमंडमधला लीचा भव्य पुतळा 1890 मध्ये उभारला, तो 2021 मध्ये उतरवला. दक्षिणेच्या सेनापतींची नावं असलेले लष्करी तळ 2023 मध्ये नवीन नावांचे झाले, आणि 2025 मध्ये जुनी नावं परत आणली. कशी? तर ब्रॅग आणि ली याच आडनावांचे दुसरे सैनिक शोधून काढून! पाटी तीच, माणूस वेगळा.

आणि 'आपल्याला काय त्याचं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. अर्ली तिकडे भाषणं ठोकत होता त्याच सुमारास, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांना हे युद्ध कशासाठी होतं ते हजारो मैलांवरून स्वच्छ दिसलं होतं. आणि आपण, त्यांचं नाव घेणारे, पिढ्यान्पिढ्या 'गॉन विथ द विंड' बघून हळहळतो आणि लीच्या घोड्याचं नाव पाठ करतो. ही शरमेची गोष्ट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी आली तर जरूर वाचा, मीही वाचतो. फक्त पुढे पाठवण्याआधी लिंबांच्या खाली विल्यम वॉकर आणि त्याचे कापलेले तीन डॉलर एवढी एक ओळ घाला. कोणी भांडायला आलंच, तर खाली प्रतिक्रियांची जागा आहे.