अपहरणाच्या बारा मिनिटे आधीची खबर

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकी हवाई दलाला मुद्दाम थांबवून ठेवले, हा दावा आजही मोठ्या आवडीने पसरवला जातो. कटाचा शोध घेणाऱ्यांनी त्या सकाळी फोन कोणी, कोणाला आणि किती वाजता केले, एवढे तरी पाहावे.

अपहरणाची खबर हवाई वाहतूक नियंत्रकाने वरिष्ठांना, त्यांनी वॉशिंग्टनमधील एफएए मुख्यालयाला आणि मुख्यालयाने संरक्षण खात्याला द्यायची, असा नियम होता. बोस्टन केंद्राने ही उतरंड ओलांडून ८.३७ ला थेट लष्कराला फोन लावला. ८.४६ ला विमान मनोऱ्यावर आदळले. चारही विमानांत लष्कराला मिळालेली सर्वांत मोठी पूर्वसूचना ती हीच. तीही नियम मोडल्यामुळे!

युनायटेड ९३ चे अपहरण ९.२८ ला झाले. ९.३४ ला मुख्यालयाला ते ठाऊक होते. ९.३६ ला क्लीव्हलँड केंद्राने विचारले, लष्कराला कोणी कळवले आहे का? उत्तर आले, तो निर्णय वरचे घेतील. १०.०३ ला विमान पेनसिल्व्हेनियात कोसळले. लष्कराला पहिली खबर १०.०७ ला मिळाली. (दरम्यान लँग्लेहून लढाऊ विमाने उडाली होती, पण केव्हाच आदळून गेलेल्या पहिल्या विमानाच्या मागावर.)

आणि मे २००३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी चौकशी आयोगापुढे काय सांगावे? युनायटेड ९३ ची खबर ९.१६ लाच मिळाली होती! संशयाला खतपाणी घातले ते असल्या साक्षींनी. आयोगाला समन्स काढून ध्वनिफिती मिळवाव्या लागल्या, तेव्हा कुठे घड्याळ जुळले.