बी. ए. ची पदवी आणि कुणब्याचा हिशेब

हिमायतनगर तालुक्यातील शेतकरी व कारागीर बंधूंनो, पोरगे बारावी झाले की घरोघर एकच प्रश्न निघतो, ‘गुरुजी, बी. ए. ला घालावे काय? नोकरी लागेल काय?’ आम्ही याचे उत्तर हिशेबानेच देतो.

कला शाखेची फी फार नसते. खरा खर्च नांदेडच्या खोलीभाड्याचा, खानावळीचा व शिकवणीवर्गाचा. शिवाय तीन वर्षे शेतातले किंवा भात्यावरचे दोन हात कमी होतात, ते निराळेच. सोयाबीन बुडाले की हा सारा खर्च सावकाराच्या वहीत चढतो.

पदवीने आपोआप नोकरी लागत नाही. मास्तरकीलाही वेगळे शिक्षण व परीक्षा लागते. तरीपण पदवी फुकट, असे म्हणणाराचे ऐकू नका. तलाठ्याच्या व तहसीलदाराच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. पदवीच नसली तर दार बंद! रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात, हे गाऱ्हाणे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले. राहण्या-जेवण्याची अडचण ओळखूनच शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढले.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : मुलगा असो वा मुलगी, घरी राहून जवळच्या महाविद्यालयात शिकवा. शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. घरचा धंदा हातचा सुटू देऊ नका. परीक्षेसाठी किती वर्षे द्यायची, ते आधीच ठरवा. पदवीसाठी जमीन विकू नका, आणि खर्चाच्या धास्तीने पदवीही सोडू नका.