आधी गोष्ट, मग पाटी



आपल्या सातारा-सांगली भागाला शिक्षणाची मोठी परंपरा आहे. ऐतवडे बुद्रुक हे मूळ गाव असलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि शेतात राबणारी मोठी माणसे अक्षरे शिकायला बसली. मोठ्यांसाठी एवढे झाले. पण अजून पहिलीतही न आलेल्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे काय? त्यांच्याविषयी मला माझे मत मांडायचे आहे.

लहान मूल अंगणवाडीतून घरी आले की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती अक्षरं आली रं? पाटी दाखव बघू." पाटी भरलेली असली तर मूल हुशार. कोरी असली तर "ह्याचं काय खरं न्हाई." माझ्या मते ही परीक्षाच बरोबर नाही. 'क' शंभर वेळा गिरवला तरी त्यातून मुलाला काही कळत नाही, फक्त बोटे दुखतात. असे मूल पहिलीत फळ्यावरचे हुबेहूब उतरवते, पण "काय लिहिलंस?" म्हटले की गप्प बसते. मग ते मागे राहते, त्याला कोणीतरी मठ्ठ म्हणते आणि त्याला शाळा नकोशी होते. डोके त्याचे चांगले असते, पण अक्षरात काही अर्थ असतो हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

हे कसे दाखवावे, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात फलटणला आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या, तेथेच राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतील मुले शाळेत जातात पण त्यांना वाचता येत नाही, हे पाहून १९७८ च्या सुमारास त्या अशा मुलांना शिकवू लागल्या. पुढे १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. त्यांच्या पद्धतीत सगळी मुळाक्षरे क्रमाने पाठ होईपर्यंत थांबत नाहीत. थोडी अक्षरे आणि काना एकत्र घेऊन लगेच शब्द करतात.

आपण स्वतः करून पाहू. म, क, ल ही तीन अक्षरे आणि एक काना घ्या. मामा, काका, लाल, काल, कमल, मका, मला एवढे शब्द झाले. आणि "काका, मला मका" हे बोलणेसुद्धा झाले! तीन अक्षरे आलेले मूल काकांकडे मका मागणारी चिठ्ठी लिहू शकते. असे झाल्यावर अक्षर त्याला परके वाटेल का?

काही पालक म्हणतील, "आमाला कुठं लिवता-वाचता येतंय? आमी काय शिकवणार?" त्यांना मला सांगावेसे वाटते की मूल बोलायला शिकते ते घरीच, आणि बोलणे हाच वाचनाचा पाया आहे. आजीने सांगितलेली चिऊ-काऊची गोष्ट, जात्यावरची ओवी, घातलेले कोडे हे मुलाचे पहिले पुस्तक. ते वाचायला अक्षर लागत नाही, वेळ लागतो. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप पहाटे फडात जातात, तेव्हा हा वेळ मिळत नाही हेही खरे आहे. तिथे आपण मोठ्या भावंडांनी पुढे व्हायला पाहिजे.

दुसरी अडचण पुस्तकांची. लहान पोरे पुस्तक फाडतील म्हणून पुष्कळ ठिकाणी पुस्तके कपाटात कुलूपबंद ठेवतात. पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. तेथील लोकांनी आपल्या घरात पुस्तकांना जागा दिली. कोणीही जावे, बसून वाचावे. फाटलेले पान खळीने चिकटवता येते, पण कपाटातले पुस्तक न वाचताच वाळवी खाते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सहावी-सातवीच्या दोघा-दोघांनी अंगणवाडीत जाऊन एक गोष्ट वाचून दाखवावी आणि वाचताना ओळीखाली बोट फिरवावे. दुसरे म्हणजे, मूल जे बोलेल त्यातले एक वाक्य कागदावर लिहून त्यालाच वाचून दाखवावे. "आमची म्हैस व्याली" एवढेसुद्धा पुरे. आपण बोललेले कागदावर राहते, हे त्याला कळेल. तिसरी सूचना पालकांना. एस.टी.ची पाटी, दुकानाचे नाव, खताचे पोते, जे दिसेल ते मुलाला वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर आम्हाला हाक मारा.

शेवटी एक विनंती. आपले हे भित्तिपत्रक मोठ्यांच्या डोळ्यांसमोर येईल इतके उंच लावलेले असते. लहान मुले खाली उभी राहून नुसती वर बघतात. पुढच्या अंकापासून खालची दोन हात जागा त्यांना द्यावी, मोठ्या अक्षरात, चित्रांसह. तिथे त्यांचीच वाक्ये लावावीत. गुरुजींनी आणि संपादक मंडळाने याचा जरूर विचार करावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी