काट्याच्या पावतीवर तोडणाऱ्याचे नाव हवे

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी उभी राहते तेव्हा त्या मालाची जवळजवळ सगळी कुंडली कारखान्याकडे असते. ऊस कोणत्या शेतकऱ्याचा, कोणत्या गटातला, लागणीचा की खोडव्याचा, जात कोणती, वाहन कोणाचे, टोळी कोणत्या मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, सारे नोंदलेले असते. नोंद नसते ती ज्यांनी तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून गाडीत चढवला, त्या नवरा-बायकोची. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या फडावर येणाऱ्या लाखो मजुरांची मोजणी 'कोयता' या एककाने होते आणि एका कोयत्यात दोन माणसे धरली जातात. आपल्या पुरवठा साखळीत वेठबिगारी नाही असे कारखान्याला आणि त्याची साखर घेणाऱ्या कंपनीला खरोखर म्हणायचे असेल, तर सुरुवात या पावतीपासून व्हायला हवी.

कारण वेठ नेमकी इथेच पोसली जाते. कारखाना वाहतूकदाराला आगाऊ रक्कम देतो, वाहतूकदार मुकादमाला आणि मुकादम पावसाळ्यात, घरात पैसा नसताना, जोडप्याला उचल देतो. मग हंगामभराची मजुरी त्या उचलीत वळती होते. किती टन तोडले, किती कापून घेतले, गैरहजेरीचे किती खाडे मांडले, हे मुकादमाच्या वहीत असते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी अंगावर बाकी निघाली, की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जाणे आले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, ती योग्यच होती. पण वाढलेला दरही त्याच वहीतून जाणार असेल, तर मजुराच्या हाती किती पडतो हे कोण तपासणार?

कोणी कोणाला साखळदंडाने बांधलेले नाही, मजूर आपणहून येतात, असे उत्तर यावर मिळते. कायद्यापुढे ते टिकत नाही. एशियाड बांधकाम मजुरांच्या 1982 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गरिबीच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबावे लागणे हीदेखील घटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्यानुसार तर एखादे कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर असते. उचल घेणे गुन्हा नाही. लग्न, आजारपण, बियाणे यांसाठी मजुराला ती लागते आणि तिच्यावर सरसकट बंदी घातली, तर तो आणखी महागड्या सावकाराच्या दारात जाईल. पण ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायची मुभा नसणे आणि हिशेब मागायची सोय नसणे, हे बंधनच आहे.

त्याची सर्वांत जास्त झळ बाईला बसते. पैसे नवऱ्याच्या हाती जातात, तिचे नाव कुठल्याच कागदावर नसते. पाळीच्या दुखण्यात एक दिवस कोपीवर, म्हणजे झोपडीत, पडून राहिली तर खाडा मांडला जातो. राज्य सरकारने नेमलेल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे खाडाच होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु आजारी पडायची परवानगी नसलेल्या कामाशी या आकड्याचा काही संबंध नाही, असे म्हणणे मला अशक्य वाटते.

मुकादमांचीही एक तक्रार आहे आणि ती खोटी नाही. दोघातिघांकडून उचल घेऊन टोळ्या फरार होतात, वाहतूकदार कर्जात बुडतात. पण हा प्रश्नही नोंद नसल्यानेच उभा राहतो. उचल बँकेतून, नोंदणीकृत मजुराच्या नावावर, पती आणि पत्नीला वेगवेगळी दिली, तर दुबार उचल आपोआप उघडी पडेल. 'मजूर आमचे नाहीत' हा कारखान्यांचा युक्तिवाद मात्र अजिबात पटणारा नाही. शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च टनागणिक कापून घेणारा कारखाना त्या तोडणीशी आपला संबंध नाही असे कसे म्हणू शकतो? अनेक मालकांसाठी राबणाऱ्या हमालांचा असाच पेच महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने सोडवला. मालक आणि मजूर दोघांची मंडळाकडे नोंदणी झाली आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. त्या व्यवस्थेत पुढे खंडणीखोर शिरले हे खरे. तरीही हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळाला तो तिच्यामुळेच.

शीतपेये, बिस्किटे, मिठाई बनवणाऱ्या कंपन्यांच्या आचारसंहितेत सक्तीच्या मजुरीला थारा नाही असे छापलेले असते. त्यांचे तपासनीस कारखान्याच्या आवारात हजेरीपट, हेल्मेट, अग्निशामक तपासतात. फड त्यांच्या यादीत नसेल तर त्या तपासणीतून काही कळणार नाही. खरेदी करारातच त्यांनी तोडणाऱ्यांची नावे, प्रत्येकाच्या टनांचा हिशेब आणि हंगामअखेरीस अंगावर राहिलेली बाकी मागावी. राज्य सरकारला तर नवा कायदा होईपर्यंत थांबायचेही कारण नाही. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, थकवणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना साखर आयुक्त अडवून धरतात. मजुरांची यादी आणि त्यांच्या खात्यांवर जमा केलेल्या मजुरीचा तपशील न देणाऱ्या कारखान्याचाही परवाना येत्या हंगामापासून तसाच अडवावा.