सिनेमा ४के झाला, पण आवाज कुठला? जुन्या चित्रपटांच्या मूळ ध्वनीचं नेमकं काय होतं?

१२ डिसेंबर २०२५ ला 'शोले' नव्या ४के रूपात पुन्हा थिएटरात आला. रील्स, पोस्ट, मीम्स सगळीकडे चर्चा शेवटाची झाली. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट, म्हणजे ठाकूर स्वतः गब्बरला संपवतो तो, आता मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला. चित्र किती लख्ख दिसतं यावरही बरंच लिहून आलं.

आवाजाबद्दल मात्र फार कोणी बोललं नाही. खरं तर 'शोले' जितका बघितला गेला तितकाच ऐकला गेला. त्याच्या संवादांची वेगळी रेकॉर्ड निघाली होती आणि लग्नमांडवात, पानपट्टीवर ती वाजायची. मग ४के मध्ये जो आवाज ऐकू येतो तो १९७५ चाच आहे का? असेल तर तो मिळाला कुठून? आणि हाच प्रश्न 'कुंकू', 'सामना', 'पिंजरा' यांच्याबद्दल विचारला तर काय उत्तर मिळतं?

'शोले'चं पुनरुज्जीवन फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी केलं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह फार खराब झाली होती, म्हणून चित्रासाठी लंडन आणि मुंबईत सापडलेलं दुसरं साहित्य वापरावं लागलं. आवाजासाठी मूळ साउंड निगेटिव्ह आणि मॅग्नेटिक साउंडट्रॅक हाताशी होते. म्हणजे चित्र एकीकडून आलं आणि आवाज दुसरीकडून. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, त्याचीही गोष्ट अशीच. चित्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं आणि आवाज एका ३५ मिमी प्रिंटवरून.

चित्र एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा असेल, तर दोन्ही एकमेकांना जुळवणं हे वेगळं काम होऊन बसतं.

एक तुकडा कापला तर काय होतं?

फिल्मच्या पट्टीवर चित्राच्या कडेला आवाजाची बारीक नागमोडी रेघ छापलेली असते. पण ज्या चित्राचा आवाज, तो त्याच चित्राशेजारी नसतो. तो सुमारे २० फ्रेम पुढे असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवायची जागा वेगळी आणि आवाज वाचायची जागा वेगळी.

आता जत्रेतला तंबू डोळ्यांसमोर आणा. सांगोला, पंढरपूर, आटपाडी, म्हसवड या पट्ट्यात जत्रा म्हटली की तंबूतला सिनेमा ठरलेला असायचा. खेळ चालू असताना फिल्म तुटायची, ऑपरेटर खराब तुकडा कापायचा, दोन टोकं चिकटवायचा आणि खेळ पुढे सुरू. त्या कापाकापीत समजा १० फ्रेम गेल्या. तंबूत बसलेल्याला एक छोटा झटका जाणवायचा, पण पुढे ओठ आणि आवाज बरोबर चालायचे, कारण दोन्ही एकाच पट्टीवरून सारखेच कमी झालेले असायचे.

गडबड होते ती नंतर. त्या प्रिंटवरचा आवाज काढून तो पूर्ण असलेल्या निगेटिव्हच्या चित्रावर बसवला, की त्या जागेपासून पुढे आवाज १० फ्रेम आधी येऊ लागतो. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १० फ्रेम झाले सुमारे ०.४ सेकंद. अशा चार-पाच जोडण्या एका रिळात असतील तर शेवटाला पात्राने तोंड उघडायच्या आधीच संवाद संपलेला असेल.

यात आपला मेंदू आणखी एक खोडी काढतो. दूरच्या बांधावर कोणी कुऱ्हाड चालवत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज नंतर येतो. निसर्गात आवाज नेहमी मागे असतो, त्यामुळे उशिरा आलेला आवाज आपण खपवून घेतो. आधी आलेला लगेच खटकतो. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, पण उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. ४५ मिलिसेकंद म्हणजे जेमतेम एक फ्रेम!

म्हणून पुनरुज्जीवन करणारे एकेक रीळ घेऊन बसतात. सर्वांत जास्त त्रास रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटाला होतो, कारण झीज तिथेच जास्त. तिथला आवाज गेला असेल तर दुसरी प्रिंट शोधायची, तीही नसेल तर शांतता ठेवायची.

लता तीच, पट्टी वेगळी

आता घरातल्या टीव्हीकडे येऊ. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत, पाल, सेकंदाला २५ फ्रेमची. सोपा उपाय म्हणून अनेकदा सिनेमा सरळ थोडा वेगात चालवला जायचा. २४ चे २५, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त वेग. दोन तासांचा सिनेमा पावणेपाच मिनिटं आधीच संपतो.

वेगाबरोबर सूरही चढतो. हार्मोनियमवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जे अंतर आहे, त्याच्या साधारण ७० टक्के. गाण्याची सवय असलेल्या कानाला हे चटकन कळतं. बाकीच्यांना फक्त 'काहीतरी बारीक वाटतंय' एवढंच जाणवतं.

खरं वाटत नसेल तर सांगोल्याचाच सर्वांत गाजलेला साउंडट्रॅक घ्या. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांचा फोनवरचा 'काय झाडी, काय डोंगार'वाला संवाद व्हायरल झाला. तो निव्वळ आवाज होता, चित्र नव्हतंच. तरी त्यातला हेल आणि मधला थांबा सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला. तोच ऑडिओ ४ टक्के वेगात लावून बघा. शब्द तेच राहतील, बापू मात्र वेगळे वाटतील.

अमेरिकेत आणि जपानमध्ये टीव्हीची जुनी पद्धत एनटीएससी. तिथे सूर जवळजवळ जागेवर राहतो, दोन तासांत फक्त सात सेकंदांचा फरक पडतो. त्यामुळे एकाच सिनेमाची न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाकडची एनटीएससी डीव्हीडी आणि सांगोल्यातली पाल व्हीसीडी शेजारी लावल्या, तर दोन्हीकडे नायिका वेगळ्या सुरात गाऊ शकते. आज युट्यूबवर दिसणाऱ्या जुन्या सिनेमांच्या बऱ्याच प्रती अशाच टेप आणि डिस्कवरून चढवलेल्या आहेत. शिवाय कॉपीराइटची स्वयंचलित तपासणी चुकवायला काही जण मुद्दाम सूर बदलतात, ते वेगळंच.

मराठीचं काय?

इथे प्रकरण जास्त नाजूक आहे. 'प्रभात'चे सुरुवातीचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर होते, आणि नायट्रेट भयंकर ज्वालाग्राही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि सुरुवातीच्या भारतीय सिनेमाचं फार मोठं साहित्य जळून गेलं. त्याआधी प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून आज बरंच काही बघता येतं. पण प्रत ती प्रत. आवाजाची रेघ प्रत्येक प्रतीबरोबर थोडी पुसट होत जाते.

'प्रभात' अनेक सिनेमे मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत करायचं. व्ही. शांताराम यांचा १९३७ चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला. मग कोणालाही वाटेल, हिंदीची प्रिंट चांगली असेल तर चित्र तिचं घ्या आणि आवाज मराठीचा लावा. ते जमत नाही. हे डबिंग नव्हतं. प्रसंग दोन भाषांत वेगवेगळे चित्रित केलेले. शांता आपटे मराठीत जिथे श्वास घेतात तिथे हिंदीत घेतीलच असं नाही. त्यामुळे मराठी 'कुंकू'चा आवाज मराठी 'कुंकू'च्याच पट्टीवर टिकला तर टिकला.

आणि 'कुंकू'त आवाज हाच जीव आहे. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलं नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज यांवरच सिनेमा चालतो. खरखर घालवायचं सॉफ्टवेअर जरा जास्त जोरात लावलं तर खरखरीबरोबर ती टिकटिकही बोथट होते. तिथे कोणी 'भरीव' वाटावं म्हणून मागे व्हायोलिन घातलं तर सिनेमाच बदलला.

गाण्यांचाही एक मोह असतो. सिनेमातलं गाणं खरखरतं, मग तबकडीवरचं स्वच्छ गाणं उचलून तिथे चिकटवा. पण ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच जागा असायची. सिनेमात गाणं मोठं असेल तर एखादं कडवं तबकडीवर आलंच नाही, ते फक्त सिनेमाच्या साउंडट्रॅकवर उरलं. गाणं बदललं की ते कडवं गेलं.

१९६० आणि ७० च्या दशकांतल्या सिनेमांची तऱ्हा वेगळी. तेव्हाचे हलके कॅमेरे इतका आवाज करायचे की संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. त्यामुळे मूळ सिनेमातच काही ठिकाणी ओठ आणि शब्द नीट जुळत नाहीत. आज संगणकावर ते जुळवून टाकणं सोपं आहे. पण मग ती दुरुस्ती झाली की ढवळाढवळ? माझं मत विचाराल तर ढवळाढवळ. निळू फुले 'सामना'त जे वाक्य जिथे टाकतात ते तिथेच ऐकू यायला हवं.

जगात काय झालं?

हॉलीवूडने ही चूक आधी करून बघितली. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चं १९९६ मध्ये पुनरुज्जीवन झालं तेव्हा पावलांचे, दारांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले. टीका झाली आणि पुढच्या आवृत्त्यांत मूळ मोनो आवाजाचा पर्याय परत द्यावा लागला. 'जॉज'च्या २००० च्या डीव्हीडीवर नवा ५.१ आवाज होता, २००५ च्या डीव्हीडीवर मूळ मोनो परतला. 'टर्मिनेटर'मध्ये बंदुकांचे आवाज बदलले म्हणून चाहते वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले.

यातूनच हौशी लोकांचं एक काम उभं राहिलं. जुन्या लेझरडिस्क किंवा व्हीएचएसवरचा मूळ आवाज काढायचा आणि नव्या ब्लू-रेच्या चित्राशी जुळवायचा. आधी वेगाचा फरक काढायचा, मग पहिला संवाद जुळवायचा, मग जिथे आवाज सरकतो तिथे कुठल्या फ्रेम कमी-जास्त आहेत ते शोधायचं. एका सिनेमाला कित्येक संध्याकाळी जातात. कायद्याच्या दृष्टीने परवानगीशिवाय असं मिश्रण वाटणं अडचणीचंच आहे, पण मूळ आवाज कसा होता याचा पुरावा काही वेळा याच लोकांकडे सापडतो.

कायदा काय म्हणतो?

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं. ती संपली की कोणीही सिनेमा काढू शकतो, कसाही. 'संत तुकाराम' (१९३६) कधीच खुला झालाय. ६० वर्षांच्या आतल्या सिनेमात कायद्याच्या नजरेत 'लेखक' म्हणजे निर्माता. निर्मात्याने आवाज बदलला तर दिग्दर्शकाच्या हातात फारसं काही राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने बदललेल्या शेवटासह प्रदर्शित झाली. आनंद एल. राय आणि धनुष यांनी जाहीर विरोध केला, तरी ती थांबली नाही. शेवट बदलला तर निदान बातमी होते. आवाज बदलला तर कळतही नाही.

सरकारी पातळीवर राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान सुरू आहे. मे २०२२ मध्ये सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. याच अभियानातून आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' नव्याने तयार होऊन २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत दाखवला गेला. काम होतंय, यात शंका नाही. पण ओटीटीवर किंवा युट्यूबवर जुना सिनेमा येतो तेव्हा वर्णनात '४के', 'एचडी', 'रिमास्टर्ड' एवढंच असतं. आवाज मूळ मोनो आहे की नवा केलेला, कुठल्या प्रतीवरून घेतला, ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे? खर्च शून्य.

घरातली व्हीसीडी टाकू नका

माळ्यावर जुन्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी पडल्या असतील तर थांबा. व्हीसीडीचं चित्र फक्त ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, आजच्या मोबाइलवर बघवत नाही. पण तिचा आवाज त्या मानाने बरा असतो. जुन्या मोनो सिनेमासाठी तर पुरेसा. ती डिस्क नव्या 'सुधारित' आवृत्तीच्या आधीची असेल, तर मूळ आवाज तिच्यावर असण्याची शक्यता जास्त.

मोबाइलवर जुना सिनेमा बघताना तो वेगात पळतोय का, हे तपासायचं असेल तर सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं तिथे पॉज करा. त्यावर सिनेमाची लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला २७.४ मीटर चालते. म्हणजे लांबीला २७.४ ने भागा. ४,००० मीटर असेल तर सिनेमा सुमारे १४६ मिनिटांचा हवा. व्हिडिओ १४० मिनिटांचा निघाला आणि कुठे काटछाट दिसत नसेल, तर तो ४ टक्के वेगात चाललाय. जुन्या प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असेल तर ९० ने भागा. मग व्हिडिओचा वेग ०.९६ करून एखादं गाणं ऐका.